अडल्यावर साथ देईल ते पुस्तक
प्रस्तावना

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकली की मोशी लागते, मग चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगाव. चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, वर्कशॉप, वजनकाटे आणि कंटेनरच्या रांगा आहेत. नारायणगावहून आत वळल्यावर खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या या महाकाय रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, अशा ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. 'आयुका'ची गिरवलीची दोन मीटर व्यासाची दुर्बीणही याच बाजूच्या डोंगरात आहे. देशातला एक मोठा यंत्रनिर्मितीचा पट्टा आणि खगोलशास्त्राची दोन मोठी साधने अशी एकाच रस्त्याच्या आसपास आहेत. विज्ञान दिनाला खोडदला जाऊन त्या तबकड्या पाहणाऱ्यांत पिंपरी-चिंचवडची माणसेही असतात. परतताना त्यांतल्या एखाद्याला वाटते की हे नीट शिकायला हवे. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करायची, हा त्याचा पुढचा प्रश्न. ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे.

भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र आणि गणित या तीन विषयांची पाठ्यपुस्तके निवडायला मदत करणे एवढेच तिचे काम. 'जगातली सर्वोत्तम पुस्तके' अशी यादी इथे मिळणार नाही. तशा याद्या पुष्कळ आहेत आणि त्यांतली पुस्तके खरोखरच उत्तम असतात. पण त्यांतली बरीचशी वर्गासाठी लिहिलेली आहेत. आठवड्यातून तीन व्याख्याने, एक ट्युटोरियल, शेजारच्या बाकावर मित्र आणि अडल्यावर ज्यांचे दार ठोठावता येईल असे प्राध्यापक, हे सगळे गृहीत धरून लेखकाने मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. वर्गात त्या फळ्यावर भरल्या जातात. एकट्याने वाचणाऱ्याच्या वाट्याला फक्त गाळलेली जागा येते.

आणि या पट्ट्यातला वाचक बहुधा एकट्यानेच वाचतो. आयटीआयमध्ये 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स' शिकून फिटर किंवा टर्नर झालेला तरुण, डिप्लोमा करून क्वालिटीत लागलेली मुलगी, भौतिकशास्त्राशी संबंध पहिल्या वर्षानंतर सुटलेला इंजिनिअर, मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी विज्ञानला गेलेला विद्यार्थी आणि मुलांबरोबर पुन्हा गणित उघडणारी आई किंवा बाप, असे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही पुस्तिका लिहिली आहे. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्याला संध्याकाळचा क्लास लावता येत नाही. सेकंड शिफ्टवाला मध्यरात्री घरी पोचतो. सलग वेळ मिळतो तो गुरुवारच्या सुट्टीत, तोही घरची कामे आटोपून. अशा माणसाच्या हातातल्या पुस्तकालाच शिकवावे लागते. म्हणून पुस्तक निवडताना आम्ही एकच प्रश्न सर्वांत वर ठेवला: वाचणारा अडला, की हे पुस्तक त्याच्यासाठी काय करते?

हा प्रश्न लावला की नावाजलेल्या पुस्तकांचा क्रम बदलतो. रिचर्ड फाइनमन यांची व्याख्याने घ्या. १९६१ ते १९६३ या काळात कॅल्टेकमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या या व्याख्यानांचे तीन खंड आज इंटरनेटवर मोफत वाचता येतात आणि भौतिकशास्त्राचा विचार कसा करावा हे त्यांच्याइतके रसाळपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. मात्र सरावाची उदाहरणे त्या खंडांत नाहीत, ती वेगळी छापली गेली. हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कितपत साधला याविषयी खुद्द फाइनमन यांनीच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली होती. विषय एकदा शिकून झालेल्या माणसाला ही व्याख्याने मोठा आनंद देतात. पहिल्यांदा शिकणाऱ्याला पान वाचताना सगळे समजले असे वाटते आणि वही उघडल्यावर काहीच येत नाही. म्हणून आमच्या यादीत ती जोडवाचनात आहेत, मुख्य पुस्तकांत नाहीत. ईरोदोव यांच्या गाजलेल्या उदाहरणसंग्रहाचेही तसेच. शेवटी उत्तर असते, तिथवरची वाट नसते. जेईईची तयारी करणाऱ्या, शिक्षक जवळ असलेल्या विद्यार्थ्याला तो उपयोगी आहे. रात्री एकट्याने बसणाऱ्याने त्याच्याकडे वर्षभराने वळावे.

दुकानात उभे राहून पुस्तक पारखायची एक रीत इथल्या वाचकाला नव्याने शिकवावी लागणार नाही. भोकाचे माप तपासायला 'गो, नो-गो' गेज असते: एक टोक आत जायलाच हवे, दुसरे जाता कामा नये. पुस्तकालाही दोन टोके लावा. आपल्याला थोडेफार येत असलेला एखादा विषय काढा आणि त्या प्रकरणातले पहिले सोडवलेले उदाहरण उत्तर झाकून करून पाहा. ते निम्म्यापर्यंतही जमत नसेल तर पुस्तक आज आपल्यासाठी नाही, आधी खालची पायरी हवी. मग त्याच प्रकरणाच्या शेवटची दोन-तीन उदाहरणे पाहा. तीही बघताक्षणी सुटत असतील तर पुस्तक आपल्याला काही नवे देणार नाही. पहिले टोक आत जाते आणि दुसरे अडते, ते पुस्तक घ्यावे. त्यानंतर मागची पाने पाहावीत. उत्तरे आहेत का, निदान निवडक उदाहरणांना सूचना आहेत का, सूची नीट आहे का, हे किमतीआधी बघायचे.

आता एकेका विषयाकडे वळू. पुस्तिकेत गणित पहिले आहे. भौतिकशास्त्र अवघड जाते अशी तक्रार घेऊन आलेल्या वाचकाची वही पाहिली तर तो बहुतेक वेळा बीजगणितात किंवा त्रिकोणमितीत अडलेला असतो. न्यूटनचा नियम त्याला समजलेला असतो, समीकरणातून प्रवेग बाहेर काढता येत नसतो. ज्यांचे शालेय गणित गंजले आहे त्यांच्यासाठी आम्ही इस्राएल गेलफांद आणि त्यांच्या सहकाऱ्यांची छोटी पुस्तके सुचवली आहेत: बीजगणित, निर्देशक पद्धत, फलने आणि आलेख. गेलफांद विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. १९६४ साली त्यांनी सोव्हिएत संघात पत्रद्वारा चालणारी गणितशाळा सुरू केली. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या, जवळ चांगला शिक्षक नसलेल्या मुलांसाठी ती होती. या पुस्तकांची जडणघडण त्या शाळेची आहे. शिक्षक शेजारी नाही हे लेखकाला ठाऊक आहे आणि प्रत्येक पान ते लक्षात ठेवून लिहिले आहे.

हॉल आणि नाइट यांचे 'हायर अल्जिब्रा' १८८७चे, लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक १८९३चे. रामानुजन यांनी शाळकरी वयात लोनींचे पुस्तक पचवले होते. ही पुस्तके आजही अप्पा बळवंत चौकात सहज मिळतात आणि भरपूर सराव देतात. मात्र त्यांच्या भाषेचे वळण जुने आहे आणि सदिश, सारणी, संभाव्यतेची आजची मांडणी त्यांत शोधू नये. सरावासाठी घ्यावीत, पहिले पुस्तक म्हणून नको.

कलनशास्त्रात आमची पहिली शिफारस अनेकांना अनपेक्षित वाटेल: सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचे १९१० सालचे 'कॅल्क्युलस मेड ईझी'. थॉम्प्सन लंडनच्या फिन्सबरी तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्य होते, विद्युतशास्त्राचे जाणकार होते आणि यंत्रांशी संबंध असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. कलनाभोवतीची भीती घालवायची म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहिले आणि पहिल्या आवृत्तीवर स्वतःचे नावही घातले नाही. त्यात तर्काची काटेकोर बांधणी नाही. पण फीड वाढवला की कटिंगला लागणारा वेळ कसा बदलतो, याचा विचार रोज करणाऱ्याला बदलाचा दर म्हणजे काय हे ते दोन बैठकांत दाखवून देते. त्यानंतर थॉमस यांचे जाडजूड पुस्तक घ्यावे, त्यात चित्रे, उपयोजने आणि उदाहरणे मुबलक आहेत. स्पिवाक यांचे १९६७चे पुस्तक त्याच्याही पुढचे. त्यात हिशेब कमी आणि सिद्धता अधिक. गणितासाठीच गणित करायचे असेल तर ते अनमोल आहे, भौतिकशास्त्राकडे जायचे असेल तर तिथे थांबायची गरज नाही. ऑलिंपियाडकडे कल असलेल्या मुलांसाठी वेगळे पान दिले आहे. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. तिथे चौकशी केल्याशिवाय परराज्यातल्या महागड्या संचांवर पैसे घालवू नयेत.

भौतिकशास्त्रात सुरुवात एनसीईआरटीच्या आणि बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांपासून करावी. ती मोफत उतरवून घेता येतात, हे कारण आहेच. दुसरे कारण असे की पुढची बहुतेक भारतीय पुस्तके तेवढे येते असे धरून चालतात. त्यांच्या जोडीला एच. सी. वर्मा यांचे 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'चे दोन भाग घ्यावेत. १९९२ सालच्या या पुस्तकाने तीन दशके आपली जागा राखली आहे, ती सोडवलेल्या उदाहरणांमुळे आणि प्रकरणाच्या शेवटी असलेल्या छोट्या प्रश्नांमुळे. या प्रश्नांना आकडेमोड लागत नाही, विचार लागतो. अडल्यावर पुस्तक काय करते या कसोटीवर ते चांगले उतरते. पुढची पायरी हॅलिडे-रेझ्निक. याची नवी आवृत्ती घेण्याचा हट्ट धरू नये. यंत्रशास्त्र आणि विद्युतचुंबकत्व दोन आवृत्त्यांमध्ये बदलत नाही, उदाहरणांचे क्रमांक बदलतात. त्यानंतर ज्याला खोलात जायचे आहे त्याने क्लेप्नर-कोलेन्को यांचे यंत्रशास्त्र आणि ग्रिफिथ्स यांचे विद्युतगतिकी घ्यावे. ग्रिफिथ्स समोर बसून बोलल्यासारखे लिहितात, एकट्या वाचकाला त्याचा मोठा आधार वाटतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या पुस्तिकांचे नाव अशा याद्यांत क्वचित दिसते. आम्ही त्या वरच्या जागी ठेवल्या आहेत. कागद साधा, छपाई साधी, पण मजकूर मुळातच दूर बसलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला आहे. दोन-तीन पानांनंतर एक प्रश्न येतो, तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये अशी अपेक्षा असते आणि घटकाच्या शेवटी त्याचे पूर्ण उत्तर असते. शिफ्ट सांभाळून अर्धा-अर्धा तास वाचणाऱ्याला हे बेतशीर तुकडे सोयीचे पडतात.

एका बाबतीत या पट्ट्यातला वाचक कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या पुढे आहे. मोजमाप त्याच्या हातात आहे. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, मायक्रोमीटरची शून्य-चूक, एकच जॉब तिघांनी मोजला तर तीन वाचने येतात हा अनुभव, हे सगळे त्याने सोसलेले असते. भौतिकशास्त्राच्या पदवीधरांना जो विषय प्रयोगवहीपुरता माहीत असतो, तो त्याच्या रोजच्या पगाराचा भाग आहे. म्हणून जॉन टेलर यांचे मोजमापातील त्रुटींवरचे पुस्तक आम्ही आवर्जून घेतले आहे. त्याच्या मुखपृष्ठावर १८९५ साली पॅरिसच्या माँपार्नास स्थानकाची भिंत फोडून खाली रस्त्यावर कोसळलेल्या आगगाडीच्या इंजिनाचे छायाचित्र आहे. क्वालिटीत काम करणाऱ्याला या पुस्तकातली पहिली शंभर पाने ओळखीची वाटतील आणि तिथून संख्याशास्त्रात उतरायला त्याला भीती वाटणार नाही.

हाताला येणारे काम आणि विज्ञान यांचे नाते या भागात नवे नाही. आयआयटी कानपूरहून इंजिनिअर होऊन आलेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत ट्रकच्या कारखान्यात होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथून पुढे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती शिकवणारी त्यांची खेळणी देशभर गेली. पुढे 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि विज्ञानाची असंख्य पुस्तके आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत ठेवली, त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. पुस्तकांवर फार खर्च करता येत नसेल तर शोध तिथून सुरू करावा.

खगोलशास्त्र या पुस्तिकेत शेवटी आहे, जरी अनेकांना ओढ त्याचीच असते. कारण सांगण्यासाठी खोडदचेच एक गणित घेऊ. हायड्रोजनच्या अणूतून येणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता सुमारे १४२० मेगाहर्ट्झ. प्रकाशाचा वेग, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, तिने भागला की तरंगलांबी २१ सेंटिमीटर येते. ही लांबी तबकडीच्या ४५ मीटर व्यासाने भागली तर सुमारे ०.००४७ रेडियन, म्हणजे पाव अंशाहून थोडे अधिक. आकाशात पूर्ण चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या साधारण निम्मे. एकट्या तबकडीला याहून बारीक काही वेगळे करून दाखवता येत नाही. आता व्यासाऐवजी सर्वांत लांबच्या अँटेनांमधले सुमारे २५ किलोमीटर अंतर घाला. कोन दोन विकलांच्या आत येतो, आणि एका अंशात विकला ३६०० असतात. तीस तबकड्या इतक्या दूर का पसरल्या याचे उत्तर या दोन भागाकारांत आहे. पण ते समजायला रेडियन हवा, तरंग हवेत आणि व्यतिकरण हवे. टूलरूममध्ये साइन बारखाली स्लिप गेज रचणाऱ्याला यातली त्रिकोणमिती अर्धी येतेच. उरलेली गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून यायला हवी. त्यांना वगळून घेतलेले खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक तिसऱ्या प्रकरणात बंद होते.

तोवर आकाश वाट पाहत नाही, म्हणून जोडवाचन आहे. मराठीत जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आहे. पंचांग आणि सिद्धान्तग्रंथ यांच्या मागचे गणित समजून घ्यायचे असेल तर त्याला पर्याय नाही, मात्र ते सावकाश वाचायचे पुस्तक आहे. ही दोन्ही पाठ्यपुस्तके नव्हेत, त्यांच्यावर उदाहरणे सोडवता येणार नाहीत. पाठ्यपुस्तकाची पहिली पायरी म्हणून ओपनस्टॅक्सचे 'ॲस्ट्रॉनॉमी' घ्यावे. ते मोफत आहे आणि बीजगणितापलीकडे काही मागत नाही. कलनशास्त्र आल्यावर कॅरल आणि ऑस्टली यांचे जाडजूड पुस्तक उघडावे. ताऱ्यांच्या अंतरंगापासून विश्वरचनेपर्यंत सगळे त्यात आहे आणि मधल्या पायऱ्या ते सहसा गाळत नाही. त्यानंतर खोडदच्या तबकड्यांकडे परत यायचे असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात दिल्या गेलेल्या व्याख्यानांचा 'लो फ्रीक्वेन्सी रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी' हा संग्रह मोफत उपलब्ध आहे. ज्या यंत्राविषयी तो आहे ते चाकणहून एका सकाळीत गाठता येते. अशी सोय जगात थोड्याच वाचकांना आहे.

भाषेविषयी आमचा सल्ला व्यवहाराचा आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हाती येते. त्याने संकल्पना मराठीत वाचावी आणि उदाहरणे इंग्रजीतून सोडवावीत. त्यासाठी मराठी विश्वकोशातल्या भौतिकी, गणित आणि ज्योतिषशास्त्रावरच्या नोंदी उत्तम आहेत, इंटरनेटवर मोफत आहेत आणि परिभाषा नेमकी वापरतात. उदाहरणांची इंग्रजी मर्यादित शब्दांची असते, दोन महिन्यांत ती सरावाची होते.

पैशांचेही बोलून घेऊ. पीसीएमसी स्थानकातून मेट्रोने कसबा पेठेत उतरले की अप्पा बळवंत चौक जवळ आहे. तिथे भारतीय आवृत्त्या मिळतात आणि जुनी पुस्तकेही मिळतात. तरी जाण्यापूर्वी मोफत मिळणारे एक पुस्तक दोन प्रकरणे पूर्ण करून पाहावे. एका वेळी एका विषयाचे एकच मुख्य पुस्तक, एक सरावाचे आणि हवे तर एक जोडवाचनाचे, यापलीकडे घेऊ नये. तीन मुख्य पुस्तके समोर असली की पहिले अडल्याबरोबर माणूस दुसरे उघडतो, आणि ज्या जागी खरे शिकणे घडले असते ती जागा ओलांडली जाते.

पुस्तिकेची मांडणी यावरूनच ठरली. प्रत्येक विषयाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. प्रत्येक पुस्तकापुढे ते कोणासाठी आहे, आधी काय यायला हवे, उत्तरे किंवा सूचना आहेत का आणि कोणते प्रकरण पहिल्या वाचनात सोडले तरी चालेल, एवढे दिले आहे. लेखकाची कीर्ती किंवा पुस्तकाचा खप दिलेला नाही, कारण निवडताना त्यांचा उपयोग झाला नाही. प्रत्येक पानावर मोकळा समास ठेवला आहे. पुस्तक वापरून झाल्यावर तुम्ही कुठे अडलात आणि ते कसे सुटले हे तिथे लिहा आणि पुस्तिका दुसऱ्याला द्या. त्याच रस्त्याने पुढे जाणाऱ्याला आमच्या शिफारशीपेक्षा तुमची ती ओळ जास्त उपयोगी पडेल.